साडेआठ हजार पावलं

व्यंकटेश गेल्याचा फोन आला तेव्हा मी काट्यावर होतो. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर माझी सव्वीस वर्षं गेली आहेत. समोर उसाची ट्रॉली उभी होती, पडद्यावरचा आकडा स्थिर होत होता आणि फोनवर त्याचा मुलगा म्हणत होता, "काका, नाना गेले." मी वजन लिहिलं, पावती फाडली, पुढच्या ट्रॉलीला हात करून थांबवलं आणि मग विचारलं, कधी... हा क्रम मी मुद्दाम लिहितो आहे. पुढे जे सांगायचं आहे ते सगळं माझ्या याच स्वभावातून झालेलं आहे.

घरी माझ्या वहीत त्याचा आदल्या दिवसाचा आकडा लिहिलेला होता: आठ हजार चारशे दहा. काल एवढी पावलं चाललेला माणूस आज सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या कसा जातो, हे कोडं मला त्या दिवशी सुटलं नाही. वय बावन्न, दारू नाही, तंबाखू नाही, दोन वर्षांपासून साखरेची गोळी वेळेवर. मी मनात पुन्हा पुन्हा बेरीज करून पाहिली आणि दर वेळी उत्तर एकच आलं, की हा माणूस जायला नको होता.

आम्ही पाचवीपासून एका बाकावरचे. त्याच्या घरी तेलुगू, माझ्या घरी मराठी, आणि त्याच्या आईच्या हातचा भात खाताना मला दोन्ही यायचं. त्याचे वडील दुसऱ्याच्या कारखान्यात टॉवेल विणायचे. दहावीनंतर व्यंकटेशही तिथंच लागला. त्या वयात तो दिवसभर चार मागांच्या मधून फिरायचा, धागा तुटला की इकडून तिकडे जायचा, आणि संध्याकाळी सायकल हाणत माझ्याकडे यायचा. त्याला चालायला सांगावं लागेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. पुढे शहराच्या पूर्व भागात त्यानं स्वतःचे सहा माग टाकले, वर दोन खोल्या बांधल्या आणि मागांसमोर गादीची खुर्ची ठेवली. वास्तुशांतीच्या दिवशी त्याच्या सासऱ्यांनी त्याला हात धरून त्या खुर्चीत बसवलं. त्या घरात आजवर कुणी बसून कमावलं नव्हतं. आता आमच्या जावयाला उभं राहावं लागत नाही, असं ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. त्यानंतर पंधरा वर्षं तो बसला. चहा खुर्चीत, डबा खुर्चीत, गिऱ्हाईक खुर्चीसमोर. पँटचा कमरेचा नंबर बत्तीसवरून चाळीसवर गेला तेव्हा तो म्हणायचा, "मालक दिसायला नको व्हय?"

दोन वर्षांपूर्वी एका तपासणी शिबिरात आम्हा दोघांनाही साखर निघाली. डॉक्टरांनी दोघांनाही एकच सांगितलं, रोज चाला. मी त्याच संध्याकाळी वही सुरू केली. दोन रकाने, एक त्याचा आणि एक माझा. आम्ही संध्याकाळी साडेसहाला निघायचो, त्याच्या घरापासून बाजाराच्या टोकापर्यंत आणि परत. पहिले दोन-तीन महिने बरे गेले. मग त्याला एक सवय लागली. दीड-दोनशे पावलं झाली की तो एखाद्या दुकानासमोर थांबायचा. चादरीचं दुकान असेल तर चादरीचा काठ बोटांत धरून बघायचा, भांड्यांचं असेल तर पातेल्याचा भाव विचारायचा, काहीच नसेल तर भिंतीवरची जाहिरात वाचत उभा राहायचा. मिनिटभर... मग पुन्हा चालायचा. मी त्याला टोमणे मारायचो. फिरायला आलास की खरेदीला, एवढी पातेली घेऊन काय हॉटेल काढतोस का. तो हसायचा. "काट्या, तुला नुस्तं पुढं जायला येतंय. दुनिया बगायला येत न्हाय." काट्या हे त्यानं मला नोकरी लागली तेव्हापासून दिलेलं नाव. तो थांबायचा तेव्हा त्याचा डावा हात छातीच्या खिशावर असायचा. मला वाटायचं फोन सांभाळतोय. हे मला तेव्हाही दिसत होतं. दिसलं नाही असं म्हणायची सोय मला नाही.

मग एके दिवशी त्यानं सांगितलं की संध्याकाळी गिऱ्हाईक असतं, तो सकाळी लवकर एकटा चालेल आणि आकडा फोनवर पाठवेल. मला ते पटलं. थांबत थांबत चालण्यानं माझाही वेग मोडत होता. त्या आठवड्यापासून रोज रात्री जेवणाच्या वेळेला त्याचा आकडा यायला लागला. आधी सहा हजार, मग सात, मग साडेआठच्या आसपास. तोवर आमचा पाच जणांचा गट झाला होता आणि त्यात व्यंकटेश सगळ्यांत नियमित. मी त्याचं उदाहरण बाकीच्यांना द्यायचो. फक्त शुक्रवारी त्याचा आकडा घसरायचा, सहाशे, सातशे, कधी पाचशे. त्यावर मी त्याला बोललोही आहे. वहीत त्या आकड्यांखाली लाल रेघ आहे आणि एके ठिकाणी माझ्या अक्षरात लिहिलंय, 'शुक्रवारी आळस'.

गेल्या वर्षी तपासणीला आम्ही एकत्र गेलो. मी आदल्या दिवशी बसून त्याच्या सहा महिन्यांच्या आकड्यांचा स्वच्छ तक्ता केला होता, महिन्याच्या सरासरीसकट. डॉक्टरांनी विचारलं, "चालताना छातीत काही होतं? दम लागतो?" व्यंकटेशनं आधी माझ्याकडे पाहिलं. उत्तर द्यायला त्याला किती वेळ लागला असता ते मला माहीत नाही, कारण तेवढ्यात मी तो तक्ता डॉक्टरांसमोर ठेवला. त्यांनी वरून खाली नजर फिरवली. एवढं चालतात आणि त्रास नाही म्हणजे उत्तम आहे, असंच चालू ठेवा, असं म्हणून त्यांनी साखरेची गोळी तीच ठेवली आणि पुढचा पेशंट बोलावला. मी डॉक्टरांना दोष देत नाही. त्यांच्यासमोर पुरावा ठेवला होता. बाहेर आल्यावर व्यंकटेश म्हणाला, "तक्ता लई भारी केलास रे." आणि गप्प झाला. मला वाटलं, भारावला.

तो गेल्यावर महिन्याभरानं मी त्याच्या घरी गेलो. गटातल्या लोकांनी ठरवलं होतं की त्याच्या नावानं दर वर्षी ढाल द्यायची, सर्वांत जास्त पावलं चालणाऱ्याला, आणि ढालीवर त्याचा वर्षाचा आकडा कोरायचा. आकडा माझ्याकडे होता. फक्त त्याच्या बायकोची, पद्मावहिनींची संमती हवी होती. त्या खाली मागांच्या शेडमध्येच बसल्या होत्या. दोन माग चालू होते. खुर्ची रिकामी होती. मी ढालीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग उठल्या आणि दाराजवळचा माग बंद करायला सांगितला, मला नीट ऐकू यावं म्हणून.

"भावजी, ते चालतच नव्हते."

मला कळलं नाही. त्यांनी त्या मागाचा पुढे-मागे हलणारा दांडा दाखवला. त्याला सुतळीनं एक कापडी पिशवी बांधलेली होती, टॉवेलच्या कापडाचीच, त्यांनीच शिवलेली. व्यंकटेश सकाळी फोन त्या पिशवीत टाकायचा आणि समोर खुर्चीत बसायचा. दांड्याचा प्रत्येक हेलकावा फोन पाऊल म्हणून मोजायचा. साडेआठ हजार होत आले की तो फोन काढून घ्यायचा. दहा हजार केले तर काट्याला संशय येईल, असं म्हणून हसायचा. वहिनी सुरुवातीला त्याच्याबरोबर हसल्या होत्या, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. मग त्याला दीडशे पावलांवर छाती आवळल्यासारखी होते हे त्यांना कळलं तेव्हा त्या डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागल्या. तो म्हणायचा, पित्त हाय. सोडा प्यायचा. आणि मला सांगायचं नाही म्हणून त्यानं त्यांना स्वतःच्या गळ्याची शपथ घातली होती.

मी विचारलं, मला का सांगायचं नाही.

"तुमी आळशी म्हनाल म्हनून. तुमच्या वहीत खाली पडायला नको हुतं त्यास्नी. तुमी रोज आकडा विचारला, भावजी. एकदा तरी कसं वाटतंय म्हनून विचारायचं हुतं."

त्या रागावून बोलत नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या दिवशी सकाळचंही त्यांनी सांगितलं. तो खुर्चीत मान टाकून बसलेला, मागांच्या आवाजात कुणाला काही कळलं नाही. झोप लागली असेल म्हणून कामगारानं उठवलं नाही. सगळं कळल्यावर मला कळवायला त्याचा फोन शोधला तर सापडेना. मुलानं रिंग दिली तेव्हा तो पिशवीत वाजला. माग चालूच होता. फोनवर दोन हजार नऊशे पावलं होती. त्यातली किती तो असताना झाली आणि किती तो गेल्यावर, हे मी नंतर कितीतरी वेळा काढायचा प्रयत्न केला. निघत नाही.

घरी येऊन मी वही उघडली. त्याच्या शेडचे माग शुक्रवारी बंद असतात, साफसफाईला आणि तेलपाण्याला. हे मला शेड उभी राहिली तेव्हापासून माहीत आहे. शुक्रवार सोडून सहा दिवस साडेआठ हजार आणि शुक्रवारी सहाशे, दर आठवड्याला, दीड वर्ष. काट्यावर कुणी चाकाखाली दगड ठेवला, कुणी कडेला पाय टेकवला तर मी पन्नास फुटांवरून ओळखतो. माझ्या मित्रानं दर शुक्रवारी मला खरा आकडा पाठवला. सहाशे पावलं, एवढंच त्याला दिवसभरात जमत होतं. आणि मी त्याच्याखाली लाल रेघ ओढली.

ढाल रद्द झाली. कारण मी गटाला सगळं खरं सांगितलं, वहिनींना विचारूनच. हे लिहिण्याआधीही विचारायला परत गेलो. चारचौघांत त्याचं नाव जाईल, चालेल का म्हणालो. "लिवा की. नाव बी लिवा. लाजून लाजून गेला मानूस, आता कसली लाज." मग त्यांनी मला वर चहाला बोलावलं. इतक्या वर्षांत मी बहुतेक खालूनच बोलून परतायचो, वर जाणं सणावारीच. शेडमधून वर जायला अरुंद जिना आहे, बावीस पायऱ्यांचा. मोजायची सवय जात नाही. अकराव्या पायरीवर वहिनी थांबल्या आणि त्यांनी भिंतीकडे बोट केलं. खांद्याच्या उंचीवर चुन्यावर एक काळपट डाग होता, मागाच्या तेलाचा. तळहाताएवढा सुरू झालेला आणि रोज थोडा थोडा पसरून ताटाएवढा झालेला. कडेला बोटं अजून ओळखू येत होती. दिवाळीला सगळं घर रंगवलं, एवढंच ठेवायला सांगितलं ह्यांनी, असं वहिनी म्हणाल्या. कारण हात टेकायची जागा अंधारात चुकायला नको.

त्या पुढे गेल्या. मी त्या डागावर हात ठेवला आणि जरा वेळ तसाच उभा राहिलो. काही होतंय का ते बघत... वर अकरा पायऱ्या उरल्या होत्या. मी त्या एका दमात चढलो. मला काहीच झालं नाही.