अहंकार आणि अंगणवाडीचं छत

किस्से गोळा करावे लागत नाहीत. चार माणसं आणि एक शब्द एका खोलीत बसवा, पुढचं आपोआप होतं!

सौंसरला आमचं शब्दमंडळ दर शनिवारी काळेकाकांच्या बियाण्यांच्या दुकानामागे भरतं. एकानं शब्दाचा अर्थ सांगायचा, बाकीच्यांनी आपापला अनुभव. त्या शनिवारचा शब्द होता 'अहंकार'.

सांगणार होते गजभिये सर, निवृत्त शिक्षक. "अहं म्हणजे मी. सांख्य दर्शनात ही शिवी नव्हती! अनुभवाला 'हा माझा' म्हणणारी मनातली शक्ती, एवढंच. गर्व हा अर्थ पुढे जास्त चालला."

आम्ही भारावलो. सरांनी चष्मा पुसला. "सबंध तहसीलमध्ये हे फक्त मला माहीत आहे!"

*

मग काळेकाका. "आपल्याले अहंकार बिलकुल नाही. पार लोधीखेड्यापर्यंत विचारा, काळेसारखा नम्र मानूस सापडत नाही!"

*

मी तरी कुठे वेगळी? गेल्या वर्षी मंडळाच्या कार्यक्रमात आभार मानताना माझं नाव नको, असं मीच काळेकाकांना बजावलं होतं. काकांनी खरंच घेतलं नाही. दोन दिवस मी त्यांचा फोन उचलला नाही!

*

पुष्पाबाई जवळच्या खेड्यातल्या अंगणवाडीत मदतनीस. मंडळात दाराशी बसायच्या. पाळी आली की, "सर बोलले तेच."

त्या दिवशी निघताना मला म्हणाल्या, "ताई, सोमवारी ग्रामसभा आहे. अंगणवाडीचं छत गळून राहिलं, पोरं भिजतात. पन सगळ्यांसमोर मी-मी करनं बरं दिसते का?"

मी तडकलेच. "तुम्ही नाही तर कोण बोलणार? सरांनी आत्ताच सांगितलं ना, ही शिवी नव्हती म्हणून!"

"अर्थ समजला, ताई. तोंड उघडत नाही."

*

सोमवारी सर, काका आणि मी ग्रामसभेला जाऊन बसलो. पुष्पाबाई उभ्या राहिल्या. "छत..." म्हणाल्या आणि अडकल्या. सरपंचांनी थोडं थांबून पान उलटलं, पुढचा विषय वाचायला घेतला.

सरांना राहवेना. उठले, घसा साफ केला. "सरपंच साहेब, यांचं म्हणणं मी सांगतो. मुळात..."

"थांबा सर!" पुष्पाबाई म्हणाल्या. "मी बोलून राहिली नं!"

सर बसले. सरपंचांनी उलटलेलं पान परत मागे घेतलं.