हाताला लिंबाचा वास

जना गेल्याचं मला मासळीवालीनं सांगितलं. वाणगावात आमच्या आळीत ती किनाऱ्याकडून येते आणि टोपली उतरवते ती थेट आमच्या ओट्यावर. त्या दिवशी मांदेली होती. वाटा लावता लावता ती सहज म्हणाली, "तुमचा काठीवाला गेला ना, भाऊ. पहाटंला छातीत दुखलं, पालघरला नेस्तवर खलास..." मला ठाऊक असेल असंच तिला वाटलं होतं. मी मांदेली घेतली, आत नेऊन ठेवली, हात धुतले आणि मग खुर्चीत बसलो. दुपारी माहीमला जाऊन सगळं उरकून आलो. रडू आलं नाही. जनाला माझं रडणं रुचलंही नसतं, त्याला कुणी फार जवळ आलेलं चालत नसे.

हे माहीम पालघरजवळचं, मुंबईचं नव्हे. जना तिथल्या कोळ्याचा मुलगा. त्याचे वडील, ज्यांना सगळा पाडा आबा म्हणायचा, होडीवरचे तांडेल होते. होडी कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, सगळं त्यांच्या शब्दावर. अशा माणसाच्या थोरल्या पोराला बोट लागायची. पहिल्याच फेरीत त्यानं ओकून ओकून जीव नकोसा केला, दुसऱ्या फेरीत तेच, आणि तिसऱ्या वेळी आबांनी त्याला किनाऱ्यावरच ठेवलं. रागावले नाहीत. धाकट्याला होडीवर घेतलं आणि जना कुंभवलीच्या बाजूला, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, आमच्या कारखान्यात बॉयलरवर लागला. मी स्टोअरला होतो. आमची गाठ पडली ती कँटीनमध्ये. त्याच्या डब्यात सुकट असायची, माझ्या डब्यात आमच्या वाडीतली मिरची, आणि एकाला दुसऱ्याचं बरं वाटायचं.

गळाचं वेड त्याला लावलं ते आमच्या एका साहेबानं. साहेब डोंगराकडचा माणूस, त्याच्याकडे चरखी लावलेली परदेशी काठी होती. बदली झाली तेव्हा ती काठी तो जनाला देऊन गेला. सोबत हेही सांगून गेला की या काठीला शोभेल असा मासा एकच, महाशीर, आणि तो तुमच्या खाऱ्या पाण्यात नाही, हिमालयातून उतरणाऱ्या नद्यांत आहे. पकडायचा, डोळे भरून बघायचा आणि परत पाण्यात सोडायचा, अशी त्या खेळाची रीत. मी ऐकलं तेव्हा हसलो होतो. जना हसला नाही. पुढच्या वर्षी कारखान्याचा वार्षिक शटडाऊन लागला तसा तो माझ्या वाडीवर आला आणि म्हणाला, "वसंता, चल."

मी का गेलो, हे मला आजही नीट सांगता येत नाही. मला गळ कळत नाही, नदीचं पाणी गार लागतं, आणि एका जागी बसायचं तर मला आमच्या मिरच्यांच्या बांधावरही बसता येतं. पण गेलो, आणि मग दरवर्षी जात राहिलो. कधी रामगंगेवर, कधी हिमाचलात, एकदा पार आसामात. काठी ठेवायला जनानं भंगारातला प्लॅस्टिकचा जाड पाइप आणला होता, दोन्ही बाजूंना झाकणं बसवलेला. त्या पाइपनं आम्हाला प्रत्येक स्टेशनावर छळलं. पोलीस तो उघडायला लावत, डब्यातली पोरं त्याला बंदूक समजत. एकदा एक म्हातारे सरदारजी म्हणाले, "बेटा, बाँसुरी है क्या? सुनाओ." जनानं खरं सांगितलं. "कहाँ से आए हो?" समुद्राकाठून, असं जना म्हणाला. सरदारजींनी सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की हे बघा, हे समुद्र सोडून पहाडात मासे धरायला चाललेत. त्यानंतर आमचा पुढचा दिवस त्यांच्या पराठ्यांवर गेला. उंटावरचा शहाणा असतो म्हणतात, आम्ही दोघे एकाच उंटावर होतो.

नदीवर पोचलो की मात्र हाच जना वेगळा दिसायचा. गळाला जे उलटं टोक असतं, ज्यामुळे मासा सुटत नाही, ते तो पकडीनं दाबून सपाट करायचा. मग गुडघाभर पाण्यात उभा राहायचा तो दिवसभर. मी काठावर दगड निवडून पडायचो, चहा करायचो, टोमणे मारायचो. बरेचसे दिवस कोरडे जायचे. पण कधीतरी चरखी ओरडायची आणि जना काठाकाठानं, दगडांवरून, नदीबरोबर चालत सुटायचा. होडीत ज्याला उभं राहता येत नव्हतं तो तिथे शेवाळावरून असा चालायचा की बघत राहावं. मासा जवळ आला की आधी दोन्ही हात ओले करायचे, कोरड्या हातानं त्याचे खवले निघतात. मग पाण्यातच आडवा धरायचा, तोंड प्रवाहाकडे करून, त्याचा दम परत येईपर्यंत. सोनेरी खवले, जाड ओठ... मीही दगडावरून उठून पाण्याशी यायचो. मग शेपटी हलायची आणि जनाच्या हातात नुसतं पाणी उरायचं.

नंतर वास जावा म्हणून तो पिशवीतलं लिंबू काढायचा आणि हाताला चोळायचा, आणि परतीच्या गाडीत उतरायच्या आधी पुन्हा एकदा. पहिल्या वर्षी लिंबू स्टेशनावरच्या सरबतवाल्याकडून घेतलं होतं. पुढल्या वर्षापासून ते घरूनच यायला लागलं, पिशवीच्या तळाशी दोन लिंबं, न चुकता. "मंजुळेनं टाकली असतील," जना म्हणायचा, "मला गाडी लागते म्हणून." मंजुळा म्हणजे त्याची बायको. जनाला बोट लागायची, गाडी कधीच लागली नाही. पण बायकांच्या काळजीला कारण लागत नाही, असं म्हणून आम्ही तो विषय तिथंच सोडला.

परत येताना बोईसरला उतरलं की रसायनांचा वास नाकात शिरायचा आणि शटडाऊन संपल्याचं कळायचं. मी त्याच्याबरोबर माहीमपर्यंत जायचो, एक कप चहा घ्यायचो आणि घरी परतायचो. म्हणून तो प्रसंग मी दरवर्षी पाहिला. वाटेत जाळी विणत बसलेले लोक विचारणार, "काठीवाले, मासलीचा टेम्पो मागून येते काय?" जना मान खाली घालून पुढे. ओसरीवर आबा खाटेवर बसलेले असायचे. ते मान वर न करता विचारायचे,

"गावला?"

"नाय."

"बरं."

एवढंच. दरवर्षी एवढंच. मला ते बघवत नसे. एकदा बाहेर पडल्यावर मी त्याला म्हणालो, अरे, सांग ना, गावला म्हणून, सोडला म्हणून. जना थांबला. समोर होड्या लागत होत्या आणि टोपल्या निम्म्याही भरलेल्या नव्हत्या. "हे बघ," तो म्हणाला, "हे लोक डिझेल जालून जातात नि रिकामे येतात. आबांची अख्खी जिंदगी त्यात गेली. त्यांना सांगू, का मला गावला नि मी सोडून दिला? त्यापरीस गावत नाय ते बरं." बोट लागणारा, गळालाही मासा न लागणारा तांडेलाचा पोर, ही ओळख त्यानं आपण होऊन घेतली आणि वागवली. घरात बाप आणि मुलगा यांच्यात बोलण्यासारखं तेवढंच एक होतं, आणि तिथे तो खोटं बोलत होता.

आबा गेले त्यानंतरच्या शटडाऊनला आम्ही कुमाऊंत गेलो. मला त्या वर्षीची थंडी आठवते. शेवटच्या दिवशी जनाला त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा महाशीर लागला. दुपार सरली तेव्हा कुठे तो हाताशी आला. जनानं त्याला सोडलं, काठावर आला आणि पिशवीत हात घातला. तळापर्यंत चाचपलं. मग पिशवीतलं सगळं बाहेर काढलं, टॉवेल, चपाती, माझा स्वेटर. लिंबं नव्हती. "मंजुळा विसरली असेल," मी म्हणालो. जना ओल्या हातांनी दगडावर बसून राहिला, नदीकडे बघत, इतका वेळ की मी वाळत घातलेले कपडे गोळा करून आलो तरी तो तसाच. मग त्यानं काठी पुसली, पाइपमध्ये घातली. त्यानंतर तो कधी गेला नाही. मी विचारलं की गुडघ्याचं कारण सांगायचा. माझा विश्वास बसला होता, कारण माझेही गुडघे दुखतात.

मला जनाची आठवण येते, पण त्या प्रवासांची जास्त येते. हे लिहायला बरं वाटत नाही, तरी खरं आहे. चहाच्या मातीच्या कपाची, खिडकीतून दिसणाऱ्या अनोळखी शेतांची, कुठेतरी लांब अगदी बिनकामाच्या गोष्टीसाठी निघाल्याची...

महिन्याभरानं पुन्हा माहीमला गेलो. मंजुळावहिनी अंगणात बोंबील वाळत घालत होत्या. पाइप माळ्यावरून काढून दारामागे ठेवला होता. "तुमी न्या, भाऊ," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मला काय करायचा आहे, मिरच्या झोडायला? त्या हसल्या. मग बोलता बोलता मी म्हणून गेलो, की तुम्ही दरवर्षी आठवणीनं लिंबं टाकायचात.

"मी?" त्या म्हणाल्या. "मी कदी नाय टाकली. आबा टाकायचे."

अंगणाच्या कोपऱ्यात लिंबाचं झाड आहे, आबांनी लावलेलं. जना निघायच्या सकाळी आबा स्वतः दोन लिंबं तोडून पिशवीच्या तळाशी ठेवायचे, जना आंघोळीला गेला की. वहिनींनी एकदा विचारलं होतं. "तर बोलले, पयल्या साली आला तवा हाताला लिंबाचा वास होता. ज्याला मासाच गावला नाय तो हाताला लिंबू कशाला घासेल? मी बोलले, मग ते ‘नाय गावला’ का बोलतात? तर बोलले, सोडत असेल. आमी नाय कासव सोडत, जाल्यात आलं तर, हलद-कुकू लावून? ज्याचं त्याचं कासव." इथल्या होड्यांवर ही रीत आहे, जाळ्यात आलेलं कासव कोणी ठेवत नाही, पूजा करून परत पाण्यात सोडतात. "मी बोलले, मग त्यांना सांगा ना, तुमाला ठावं हाय म्हणून. तर नाय बोलले. त्याला सांगायचं तवा तो सांगेल. मी रोज थोडीच इचारतो, वरसाला एकदा तर इचारतो."

कोळ्याच्या घरात जन्मून जनाला वाटलं होतं की लिंबू वास लपवतं.

"त्या शेवटच्या साली हे आले ना," वहिनी म्हणाल्या, "तवा हात धुतलेच नाय. मासलीचा वास येत होता. आबांची खाट तशीच होती ओसरीवर. तिथं जाऊन बसले. मी आतून चा घेऊन येत होते... मला वाटलं, फोनवर बोलतात. खाटेला बोलत होते. ‘आबा, गावला. लय मोठा होता. सोडला.’ मी चा घेऊन परत आत गेले."

पाइप मी आणला नाही. तो त्या दारामागेच बरा आहे. निघताना वहिनींनी झाडाची दोन लिंबं माझ्या पिशवीत घातली.

परवा मासळीवाली आली. मांदेली मीच साफ केली, बायको तालुक्याला गेली होती. लिंबं फळीवरच होती. मी हात नुसते पाण्यानं धुतले आणि तसाच ओट्यावर येऊन बसलो. कुणी ‘गावला?’ असं विचारलं असतं, तर सगळं सांगितलं असतं.