शनिवारची अंडी

सुमन गेल्याचं जळगावहून तिच्या भाच्याने कळवलं. महिन्याने धुळ्यात, तिच्या जुन्या कॉलेजात शोकसभा झाली. एक साहेब म्हणाले, घरच्या जबाबदाऱ्यांमुळे बाईंचं संशोधन अर्धवट राहिलं. मी चौथी शिकलेली, भाषण येत नाही, म्हणून गप्प बसले. पण ते खोटं आहे.

एकोणीसशे सत्तरच्या आसपास ती माझ्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहायची. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि तिथल्याच एका सरांच्या हाताखाली डॉक्टरेटचं काम करायची. मला सांगायची, "अक्का, अंड्यातल्या पिल्लाच्या यकृताला सगळी कामं पहिल्यापासून येत नाहीत. जीन सगळ्या असतात, पण एकेक जीन ठरल्या दिवशी कामाला लागते." कोणती कधी, ते तिला शोधायचं होतं. दर शनिवारी ती अंडी आणायची, त्यांवर पेन्सिलीने तारीख घालायची, आणि मी ती माझ्या खुडूक कोंबडीखाली ठेवायची. मग मोजून ठरावीक दिवशी एकेक अंडं ती फोडायची, इवलंसं यकृत काढून तपासायची... दोन वर्षं हेच.

एक दिवस आनंदाने आली. "अक्का, आपल्या गावठी कोंबडीच्या पिल्लाचं यकृत एक दिवस उशिरा जागं होतं. पुस्तकात असं कुठेच नाही. सरांनी परिषदेत वाचलंसुद्धा."

मी म्हटलं, "उशीर पिल्लाले नही व्हत, मी करस. शनवारले कोंबडी बसाडतस का, माय? मी रविवारले ठेवस." शनिवारी कोंबडी अंड्यांवर बसवणं आमच्याकडे अशुभ मानतात.

ती खाली बसली. रागावली नाही. दुसऱ्या दिवशी सरांना जाऊन खरं सांगितलं. सर म्हणाले, एका दिवसाने काय बिघडतं, आहे तसं लिहा. परिषदेत वाचलेलं मागे घ्यायची त्यांना लाज. हिने नकार दिला. सरांनी प्रबंधावर सही केली नाही, ती शेवटपर्यंत. संसार तिने केलाच नव्हता, तर जबाबदाऱ्या कुठल्या? तिची वाट सरांनी अडवली, आणि सभेत त्यांच्याच फोटोखाली बसून लोकांनी तिला अर्धवट म्हटलं.

परवा भाच्याने तिची वही आणून दिली. पानापानावर आकडे, सगळ्यांवर तिरकी रेघ. शेवटी मराठीत लिहिलंय, मला वाचता यावं म्हणूनच असेल: "अंडी रविवारी ठेवली गेली. अक्कांना विचारायला हवं होतं. चूक माझी."

चूक तिची नव्हती. माझी होती, आणि खरं कळल्यावरही खोटं चालवणाऱ्या सरांची. ही वही घेऊन मी सोमवारी कॉलेजात जाणार आहे. तिथे ती मोठ्याने वाचून दाखवीन, तेवढं शिकले आहे मी.