सतरा नंबरची प्लेट

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन चुकतं. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं मला कळत नाही, आणि अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखं आहे. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी कुणाच्या हाती लागलीच तर त्यानं माफ करावं. मला बोलता येत नाही. चार माणसं समोर आली की शब्द सापडत नाहीत. म्हणून लिहिते.

मी कोल्हापुरात एका लॅबमध्ये काचेची भांडी धुते. तिथं सगळे मला मावशी म्हणतात. लोकांची लघवी, थुंकी, जखमेतला पू लॅबमध्ये येतो. तपासणाऱ्या ताई तो पू कापसाच्या काडीनं एका काचेच्या बशीत ओढतात. तिला प्लेट म्हणायचं. प्लेटमध्ये वडीसारखं घट्ट झालेलं खाणं असतं, जंतूंसाठी. मग ती उबेच्या कपाटात ठेवायची. दुसऱ्या दिवशी तिच्यावर ठिपके उठलेले असतात. काम संपलं की त्या प्लेटा मोठ्या कुकरमध्ये वाफेवर ठेवायच्या, सगळं मेलं की धुवायच्या. ते माझं काम.

नवीन असताना मी एकदा ताईंना भीत भीत विचारलं होतं, एका रात्रीत एवढे येतात कुठून.

ताई म्हणाल्या, "यायचं कुठनं? हितंच वाढत्यात. ऊब, वल आन खायला, एवढं मिळालं की झालं. तुमच्याआमच्यागतच की. वीस मिनिटांत एकाचं दोन."

"मग अख्खी लॅब भरंल की."

"खायला संपलं की थांबत्यात. न्हायतर आपुण मारलं की."

विरजणासारखंच ते. थंडीत दह्याचं भांडं मी गोधडीत गुंडाळून ठेवते, ते याच्यासाठीच, हे मला तेव्हा समजलं. फ्रिजमध्ये जंतू मरत नाहीत, नुसते निजतात, हेही ताईंनीच सांगितलं.

कुठलं औषध लागू पडेल हे बघायला आणखी एक प्लेट करतात. तिच्यावर जंतू सगळीकडे सारवून वरून औषधाच्या गोल कागदी टिकल्या ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती मोकळं कडं दिसलं तर त्या औषधानं जंतू मरतात. टिकलीला खेटून दाट वाढ आली तर त्या औषधाचा उपयोग नाही. मला इंग्रजी येत नाही, रिपोर्ट वाचता येत नाही, पण प्लेट वाचता यायला लागली.

माझे मालक फाउंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, कामाला होते. त्यांना साखरेचा आजार, पायाला समज राहिली नव्हती. एक दिवस तापल्या लोखंडाचा थेंब बुटात गेला. घरी येऊन मोजा काढला तेव्हा मांस दिसलं. ते हसत म्हणाले, "मुंगी चावल्यागत बी झालं न्हाय बघ."

डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. मी औषधाच्या दुकानात जाऊन तीन दिवसांच्या मागितल्या. दुकानदारानं पट्टी कात्रीनं कापून दिली. आमच्या पेठेत सगळे असंच घेतात. चौथ्या दिवशी जखम सुकल्यासारखी दिसली आणि आम्ही थांबलो. पंधरवड्यानं पुन्हा पाणी सुटलं, पुन्हा तीन दिवसांच्या आणल्या. मग दुसरा डॉक्टर, दुसऱ्या गोळ्या, त्याही निम्म्या. उरलेल्या चार मी डब्यात जपून ठेवल्या, पुढच्या खेपेला होतील म्हणून.

आणि हे करत असताना मी रोज लॅबमध्ये ताईंचं बोलणं ऐकत होते. खिडकीवर आलेल्या माणसांना त्या सांगायच्या, "गोळ्या निम्म्यावर सोडू नगासा. दुबळं मरत्यात, दांडगं उरत्यात. मग दांडग्यांचीच पिलावळ." मी शेजारी उभी राहून बाटल्या पुसत होते. ते लोकांना सांगणं आहे, असं मला वाटत होतं. एकदा विचारायचं होतं की आमच्या घरी असं असं चाललंय. विचारलं नाही. लाज वाटली.

पावसाळा संपताना मालकांच्या जखमेच्या पट्टीवर हिरवट डाग दिसायला लागला. वास सडक्या मांसाचा नव्हता. गोडसर, पिकल्या द्राक्षांसारखा होता. शेजारणी म्हणाल्या, घाण वास न्हाय म्हंजे जखम भरत आली. मी मान हलवली. पण तो वास मला माहीत होता. उबेचं कपाट उघडलं की कधीकधी तोच यायचा, आणि तो आला की ताईंचं तोंड पडायचं.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आधी पू तपासू, नाहीतर पाय जाईल. त्यांनी नळीत काडी घालून दिली. कुठल्या लॅबला न्यायची ते मी सांगितलं नाही. पिशवीत घालून मी ती आमच्याच लॅबमध्ये आणली, पैसे भरले, बाकीच्या नळ्यांत ठेवली. सतरा नंबर पडला. आडनाव आमच्याकडं गल्लोगल्ली सापडणारं, कुणाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी वाढ आली, हिरवी. ताईंनी टिकल्यांची प्लेट लावली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी झाडून काढत असताना त्यांनी कपाट उघडलं आणि प्लेट उजेडात धरली. मी त्यांच्या खांद्यामागून बघितली. पहिल्या टिकलीभोवती काही नाही. दुसरीभोवती काही नाही. सगळीकडे टिकलीला खेटून हिरवी साय. कडेच्या एका टिकलीभोवती तेवढं बारीक कडं होतं.

ताई म्हणाल्या, "ह्या पावण्यानं गावातली सगळी औषधाची दुकानं पालथी घातल्यात वाटतंय. काय शिल्लकच ठेवलं न्हाय. घरात कोण बघणारं हाय का न्हाय ह्याच्या?"

माझ्या हातात झाडू होता. गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. रिपोर्ट दुपारी मिळाला असता, मी तो पदराखाली घेऊन गेले असते.

मी म्हटलं, "मी हाय. आमचं मालक हाईत ते."

ताईंनी प्लेट खाली ठेवली. म्हणाल्या, "मावशी, मला सांगायचं न्हाय व्हय?"

लॅब ज्यांची आहे त्या डॉक्टर मॅडमना ताईंनीच जाऊन सांगितलं. एक टिकली उरली होती त्या औषधाचं इंजेक्शन महाग, दिवसाला तीन वेळा, दहा दिवस. मॅडमनी अठ्ठावीस हजार रुपये काढून दिले. म्हणाल्या, "आधी इंजेक्शनं सुरू करा, पैशाचं नंतर बघू." मी त्यांच्या पायाला हात लावायला गेले, त्यांनी लावू दिला नाही.

इंजेक्शनं सगळी दिली. या वेळी एकही सोडलं नाही. दोन दिवस ताप उतरला आणि मालकांनी भाकरी मागितली. मग पुन्हा ताप चढला. आधी बोटं काढली. आठ दिवसांनी गुडघ्याखाली पाय काढला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी चादर बघितली आणि मला म्हणाले, "आता एकच चप्पल घ्यायची. निम्मं पैसं वाचलं." मी हसले नाही म्हणून रुसले. जंतू रक्तात गेले होते. पाय काढल्यावर नवव्या दिवशी पहाटे ते गेले.

त्यांच्या रक्ताची प्लेटसुद्धा आमच्याच लॅबमध्ये आली होती. मी तेराव्यानंतर कामावर गेले तेव्हा ती फ्रिजमधून काढून कुकरमध्ये जायच्या डब्यात ठेवलेली होती. ताई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, मी घालते." पण मीच घातली. वाफ धरली, घड्याळ बघितलं, वेळ भरली. झाकण उघडलं तेव्हा सगळं मेलेलं होतं. पंधरा पौंडाच्या दाबाला त्यातलं काहीच टिकत नाही. माणसाला कुकरमध्ये घालता येत नाही, एवढीच अडचण.

कापून आणलेल्या पट्ट्यांत माझे किती पैसे वाचले ते मी एकदा मोजलं. तीनशे चाळीस रुपये.

मॅडम म्हणाल्या होत्या की पैसे परत करू नका. ताईंनीही समजावलं. मी ऐकलं नाही. ते इंजेक्शन मालकांच्या अंगात गेलं होतं, ते दुसऱ्याच्या पैशाचं राहू द्यायचं नव्हतं. पगारातून महिन्याला हजार रुपये मी टेबलावर ठेवत गेले. एक महिना मला टायफॉइड झाला तेव्हा खाडा पडला, त्याचे पुढच्या महिन्यात दोन हजार दिले. माझ्या गोळ्या त्या वेळी चौदा दिवस घेतल्या, शेवटची गोळीसुद्धा. घेताना रडू आलं.

या पगाराला शेवटचे हजार दिले. मॅडमनी न मोजता ड्रॉवरमध्ये टाकले. मी म्हटलं, मोजा. त्यांनी मोजले. म्हणाल्या, "फिटले मावशी, सगळे."

मला वाटलं होतं हलकं वाटेल. वाटलं नाही. देणं होतं तोवर दर महिन्याला मालकांच्या पायासाठी मी काहीतरी करत होते. आता करायला काही उरलं नाही. पण अठ्ठावीस हजार पूर्ण फिटले आहेत, एक रुपयाही बाकी नाही.