जर्सीवरचं हळदीकुंकू

कोच घरी आली त्या दिवशी मी कांदेपोहे केले, याचा मला अजून राग येतो. कोचचा राग नंतरचा, आधी माझा.

आम्ही जर्मनीत, त्सुफेनहाउझेनला राहतो. नवरा गाड्यांच्या ब्रेकच्या चाचण्या करणारा इंजिनिअर, मी एका दंतवैद्याच्या प्रॅक्सिसमध्ये, म्हणजे दवाखान्यात, रिसेप्शनवर. दाढ ठणकत आलेल्या माणसालासुद्धा मी दिवसभर शांतपणे सांगत असते, की आधी वेळ ठरवून टेर्मिन घ्या, थांबा, तुमची वेळ येईल. तीच मी घरात दोन दिवस थांबू शकले नाही.

आमची एकुलती एक मुलगी इथेच जन्मली. मराठी तिला सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये येतं; मला हाकही जर्मन, 'मामा', म्हणजे आई. नवव्या वर्षी ती इथल्या फेराइनमध्ये, म्हणजे वस्तीतल्या क्लबात, बास्केटबॉल खेळायला लागली आणि सोळाव्या वर्षापर्यंत एक मीटर सत्त्याऐंशी झाली. पुण्याचे नातेवाईक तिची उंची ऐकून म्हणत, "कसं व्हायचं गं हिचं!" त्याच वर्षी तिच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. ऑपरेशन झालं, नऊ महिने खेळ बंद. तेव्हा याच लोकांनी फोनवर "चला, आता तरी सुटेल तो नाद" असं म्हणून घेतलं. पोरगी जिन्याची एकेक पायरी रडत चढत होती आणि यांना हायसं वाटत होतं. मी तेव्हा फोन आपटला होता, आणि तो आपटला याचं मला आजही बरं वाटतं.

ती परत उभी राहिली, परत खेळायला लागली, आणि सतराव्या वर्षी अमेरिकेतून निरोप यायला लागले. तिकडच्या कॉलेजांत मुलींचे बास्केटबॉलचे संघ असतात आणि त्यांचे कोच जगभर मुली शोधत फिरतात. मुलगी पसंत पडली की तिचं शिक्षण, राहणं, जेवण सगळं कॉलेज बघतं. बदल्यात तिने त्यांच्यासाठी खेळायचं. सप्टेंबर संपेपर्यंत दोन कॉलेजं उरली. एक मोठं, ज्याचं नाव पुण्यात पेपर टाकणाऱ्यालाही माहीत असेल. दुसरं लहान, तिकडे उत्तरेला, बर्फातलं. ते आम्हाला नकाशात शोधावं लागलं.

मोठ्या कॉलेजची कोच एका मदतनीस बाईला घेऊन थेट घरी आली. मला स्वतःला लग्नाआधी चार वेळा पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर यावं लागलं होतं. एका घरी तर मला चालून दाखवायला सांगितलं होतं. माझ्या मुलीवर ही वेळ आणणार नाही, अशी माझी प्रतिज्ञा होती. आणि मी पोहे केले, वर ओलं खोबरं भुरभुरलं, बेसनाचे लाडू मांडले, पोरीला केस नीट बांधायला सांगितले! कोचने पोहे दोनदा घेतले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, की आमचा संघ म्हणजे एक कुटुंब आहे, तुमची मुलगी आता आमची मुलगी. मग मदतनीस बाईने पर्समधून टेप काढली, पोरीला भिंतीला टेकून दोन्ही हात पसरायला लावले आणि या बोटापासून त्या बोटापर्यंत मोजून घेतलं. दोघींनी एकमेकींकडे बघून मान डोलावली. मी ट्रे घेऊन दारात उभी होते, आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

जाताना कोचने एक पांढरी जर्सी दिली. पाठीवर आमचं आडनाव, एकही अक्षर न चुकता. इतक्या वर्षांत इथल्या एकाही सरकारी पत्रावर ते धड आलेलं नाही. मी चक्क रडले.

लहान कॉलेजची कोच घरी आलीच नाही. ती क्लबच्या हॉलमध्ये आली, शेवटच्या बाकावर बसली आणि दोन तास सराव बघत राहिली. मला नुसतं 'हॅलो' म्हणाली. नंतर पोरीशी बोलली ते गुडघ्याबद्दल: सकाळी आखडतो का, उडी मारून उतरताना कुठल्या पायावर भार टाकतेस. तिने पोरीला पाच मुलींचे फोन नंबर दिले. त्यातल्या दोघी तिचा संघ सोडून गेलेल्या होत्या. "त्यांना विचार. मी मध्ये नसेन," एवढंच. मला वाटलं, काय दरिद्री कारभार आहे! साधी टोपी आणली नाही, आणि सोडून गेलेल्यांचे नंबर देते.

घरी नवऱ्याने लॅपटॉपवर तक्ता उघडला.

"अहो, हे काय आता?"

"नुट्झव्हेर्टआनालीझे. प्रत्येक गोष्टीला वेटेज द्यायचं, मार्क द्यायचे, टोटल मारायची. आल्झो, म्हणजे बघ, युनिव्हर्सिटी रँकिंग तीस टक्के, एअरपोर्ट किती लांब ते दहा टक्के..."

"आणि पोरीला काय वाटतं ते?"

"ते मेझरेबल नाही ना."

"गेनाऊ, अगदी बरोबर. मग तुमची टोटलच पाठवा चार वर्षं तिकडे."

आता हे ऐकून वाटेल की मी पोरीच्या बाजूने होते. नव्हते. मला फक्त तक्त्याशिवाय मोठं कॉलेज हवं होतं.

सासूबाई पुण्याहून व्हिडिओवर होत्या. त्यांनी दोन्हीकडचं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "त्या मोठ्या घरी आधी गेलेल्या मुली नांदल्या का गं? किती टिकल्या?"

"अहो आई, हे काय स्थळ आहे का!" मी म्हणाले.

आमच्यात स्थळाची चौकशी करतात तेव्हा त्या घरातल्या माणसांना कोणी विचारत नाही. शेजाऱ्यांना विचारतात, जुन्या कामवालीला विचारतात, माहेरी परत आलेल्या सुनेला तर आधी गाठतात. हे सगळं मला पाठ होतं. पण कोच अमेरिकेतून आलेली, जर्सी पांढरीशुभ्र, आणि मी विरघळलेली.

चौकशी केली ती पोरीने. लहान कॉलेजच्या पाचही जणींशी बोलली, आणि मग मोठ्या कॉलेजच्या सोडून गेलेल्या मुली स्वतःच शोधून काढल्या. दोन वर्षांत सहा जणी गेल्या होत्या. एकीचा गुडघा गेला होता. ती हॉस्पिटलात असताना त्या कुटुंबातलं कोणी फिरकलंही नव्हतं. हे तिने मला बुधवारी भांडी डिशवॉशरमध्ये लावता लावता जर्मनमध्ये सांगितलं. मी म्हणाले, "ज्यांना जमत नाही त्या बोलतातच असं." तिने माझ्याकडे पाहिलं आणि काटे-चमचे लावत राहिली. लहान कॉलेजच्या कोचकडे एकच जागा होती, स्पेनची एक मुलगी त्याच जागेसाठी थांबली होती, आणि उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं होतं. पोरगी म्हणाली, रविवारी मॅच आहे. ती झाली की संध्याकाळी मी कोचला कळवीन, आणि तुम्हालाही सांगेन.

म्हणजे मला समजलं होतं. ती काय सांगणार हे मला समजलं होतं, आणि ते मला नको होतं.

त्याच आठवड्यात दसरा होता. दसऱ्याला आपण ज्याच्यावर पोट आहे त्याची पूजा करतो. नवऱ्याचा लॅपटॉप, गाडीची किल्ली, माझा प्रॅक्सिसमधला हेडसेट, पोरीचा बॉल. आणि मी ती जर्सी मांडली. तिच्या छातीवर बोटाने हळद लावली, कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल. फोटो काढला. शनिवारी इथल्या मराठी मंडळाचा दसऱ्याचा कार्यक्रम होता. तिथे मी दूध पावडरचे पेढे घेऊन गेले. "ठरलं का?" कोणी विचारलं की "ठरल्यातच जमा" म्हणत होते आणि फोटो दाखवत होते. नवराही शेजारी उभा राहून पेढे देत होता, तक्ता विसरून.

एकीने तो फोटो मागून घेतला आणि मंडळाच्या ऑनलाइन पानावर टाकला: आपली मुलगी अमुक कॉलेजात! तिथून तो त्या कॉलेजच्या चाहत्यांनी उचलला. रविवारी पोरगी हायलब्रॉनला मॅच खेळत होती. मॅचच्या दिवशी ट्रेनर सगळ्यांचे फोन स्वतःच्या पिशवीत ठेवतो. तो फोटो बघून लहान कॉलेजच्या कोचने दोनदा फोन केला होता. संध्याकाळी पोरीने फोन हातात घेतला तेव्हा मेसेज आलेला होता: अभिनंदन, वाईट वाटलं पण समजू शकते, छान खेळ.

तिने तिथेच पार्किंगमध्ये उभं राहून फोन लावला. कोचने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, मी दोन तासांपूर्वी स्पेनच्या मुलीला शब्द दिला, आता तो मागे घेणार नाही. त्या सगळ्या बाजारात शब्द पाळणारी एकच बाई आम्हाला भेटली, आणि तिने तो दुसऱ्याच मुलीला दिला होता.

मोठ्या कॉलेजच्या कोचचाही मेसेज होता. नुसती बदामांची माळ. त्या बाईला पक्कं माहीत होतं, की पोरीने अजून होकार दिलेला नाही. तिने तोंडून एक अक्षर काढलं नाही. घरात येऊन दोनदा पोहे खाल्लेल्या बाईने निदान विचारायला हवं होतं, की बाई गं, तुझ्या मुलीला विचारलंस का? पण का विचारेल ती? मी विचारलं होतं?

पोरगी गेली मोठ्या कॉलेजात. वर्षभर बाकावर बसली. हंगाम संपल्यावर कोचला दुसरीकडे मोठी नोकरी मिळाली. मुलींना ते बातमीतून कळलं. संघाचं ते 'कुटुंब' एका दुपारीत मोडलं. नव्या कोचने आपल्या मुली आणल्या आणि आमच्या मुलीला पाच मिनिटं देऊन सांगितलं, की इथे तुला खेळायला मिळणार नाही, दुसरं कॉलेज बघ. पाच मिनिटं! आमच्या प्रॅक्सिसमध्ये दातावरचं कीटण काढायलासुद्धा याहून जास्त वेळ देतात. जे कोच मुलींना चार-चार वर्षांची वचनं देतात, त्यांना चार वर्षं एका जागी बांधून घालणारा एक कागद जगात नाही, याची मला भयंकर चीड येते. वर पुण्याहून विचारलं जातं, "पण डिग्री तिथलीच मिळेल ना?"

ही उन्हाळ्याची सुट्टी ती घरी आहे. पुन्हा कोचचे फोन येतात. या वेळी तीन कॉलेजं आहेत, हे मला नवऱ्याकडून कळलं, आणि त्यालाही तेवढंच माहीत आहे. ती बाल्कनीत जाऊन दार लावून बोलते. सोडून गेलेल्या मुलींची यादी तिने वहीत केली आहे; वही ती खोलीत ठेवत नाही, बॅगेत ठेवते.

काल मी तिचं कपाट आवरताना ती जर्सी सापडली. कुंकू धुऊन गेलंय, हळद गेलेली नाही. मी ती घेऊन स्वयंपाकघरात आले. ती कॉफी करत होती.

"टाकून देऊ का गं ही?" मी विचारलं.

तिने जर्सी हातात घेतली, डागावरून अंगठा फिरवला आणि परत माझ्या हातात दिली. जर्मनमध्येच म्हणाली, राहू दे, तुझीच आहे ती.

"या वेळी कुठलं कॉलेज? मी कोणालाही सांगणार नाही. देवाशपथ."

"सही झाली की सांगेन, मामा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. टेर्मिन देताना मी पेशंटशी बोलते, तशी बोलली. "पेढे त्यानंतर कर."

तिचं बरोबर आहे. तेच तर मला सहन होत नाही.