पाण्याखालच्या कमानी

माझी शाळा पाण्यापलीकडे आहे. सकाळी नागपूरहून स्कूटरनं निघायचं, खापा गाव मागे टाकायचं, आणि सडक जिथं धरणाच्या पाण्यात जाऊन संपते तिथं थांबायचं. पल्याड टेकडीच्या पायथ्याशी गाव दिसतं, त्या गावातली प्राथमिक शाळा माझी. गाडीनं जायचं तर धरणाच्या भिंतीवरून भलामोठा वळसा पडतो. म्हणून मी गाडी नावाड्याच्या अंगणात लावते आणि त्याच्या बोटीत बसते. बोटीत माझ्यासोबत कापूस वेचायला जाणाऱ्या बाया असतात, दुधाच्या कॅन असतात, एखादी शेळीही असते.

नावाडी साठीकडे झुकलेला, कमी बोलणारा माणूस. त्याची बायको मात्र माझी वाट बघत असायची. तिचं माहेर पलीकडचंच, माझ्या शाळेचं गाव. भावाचं घर तिच्या अंगणातून दिसायचं, पण ती तिकडे कधी जात नसे. भावाची नात माझ्या वर्गात होती, म्हणून मला विचारायची, "पोरगी आली होती का काल? केस वाढले का वं तिचे?" मी सांगायची. मग ती माझ्या हातावर दोन पेरू ठेवायची, आणि ते कोणासाठी हे आम्ही दोघी बोलत नसू. जाणं-येणं का बंद झालं हे मी कधी विचारलं नव्हतं. भावाभावांत, साळ्या-मेहुण्यांत असं होतंच, एवढंच मी धरून चालले होते.

दिवाळीनंतर एका सकाळी घाटावर पाटी लागलेली दिसली. धरणाच्या तळाची मोजणी होणार होती. गाळ किती साचला, पाणी किती मावतं, हे बघायचं होतं. मोजणी चालू असेपर्यंत कोणतीही बोट, डोंगा पाण्यात उतरवायचा नाही, मासे धरायची जाळी काढून घ्यायची, आणि लाल डबे तरंगत असतील त्या हद्दीच्या आत कोणी जायचं नाही. ग्रामपंचायतीनं भोंग्यावरूनही तेच सांगितलं. कोळ्यांनी कुरकुर केली आणि जाळी काढली. नावाड्यानं बोट ओढून काठावर उपडी घातली.

मी वळसा घालून शाळेत गेले तेव्हा पोरं माझीच वाट बघत होती. त्यांना सुटी हवी होती ती मिळाली नव्हती, पण प्रश्न भरपूर होते. पाण्याखालचं वरून कसं दिसते? पाणी तर गढूळ आहे. आणि मोजायचंच आहे तर आपली बोट काहून बंद? मला यातलं काहीच सांगता येईना. विचारून येते म्हणाले. खरं तर मलाही तेवढंच कुतूहल होतं. कितीतरी वर्षं मी त्या पाण्यावरून जाते-येते आहे, पण माझ्या खाली नेमकं काय आहे हा विचार कधी मनात आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वळशाच्या रस्त्याला लागण्याआधी मी मुद्दाम घाटावर थांबले. मोजणीची बोट निघायच्या तयारीत होती. तिच्यावर कामाला एक तरुण इंजिनिअर मुलगी होती, कोकणातली, समुद्राकाठी वाढलेली. पाणी शांत व्हायची वाट बघत ती काठावर चहा पीत उभी होती. मी मास्तरीण आहे आणि माझ्या पोरांचे प्रश्न घेऊन आले आहे म्हटल्यावर ती खुलली. तिनं मला एक लांबट, माशासारखं यंत्र दाखवलं. ते दोरासारख्या केबलला बांधून बोटीमागे पाण्यातून ओढायचं. ते दोन्ही बाजूंना आवाज सोडतं, आवाज तळावर आपटून परत येतो, आणि परत आलेल्या आवाजावरून संगणकावर तळाचं चित्र उमटतं. विहिरीत वाकून हाक मारतो ना, तसंच, ती म्हणाली. जिथं काही उंच असेल त्याच्या मागे आवाज पोचत नाही, तिथं सावली पडते. दुसरी बोट जवळून गेली तर लाटांनी चित्र बिघडतं. आणि केबल तिच्या पंख्यात अडकली तर दोन्ही बोटींना धोका.

पोरांना हे सगळं सांगितलं. मग दुपारभर आम्ही वर्गात आवाजाच्या सावल्याच काढत बसलो.

त्यानंतर घाटावर थांबणं हा माझा नेमच झाला. नावाडीही तिथं असायचा. हाताला काम नव्हतं, पण घरात बसवत नव्हतं. ती पोरगी त्याला काका म्हणायची आणि तळ कुठे खोल, कुठे खडक असं काहीबाही विचारायची. तो हातानं दिशा दाखवायचा, बस.

एका संध्याकाळी शाळेतून परतताना मी घाटावर उतरले तेव्हा ती त्याला लॅपटॉपजवळ बोलावत होती. तळावर काहीतरी पडलेलं आढळलं होतं. केबल अडकू नये म्हणून ते काय आहे हे कळायला हवं होतं. मीही मागून वाकून बघितलं. भुऱ्या रंगाच्या सपाट तळावर एक लांबट आकार होता, दोन्ही टोकांना निमुळता, आणि त्याच्या बाजूला सावलीचे तीन गोल बाक, एकामागे एक. आकाराच्या एका टोकापासून बारीक रेघ निघाली होती आणि तिच्या शेवटाला एक ठोकळा.

मला वाटलं, मोठ्या माशाचा सांगाडा असावा. तसं मी बोललेही.

नावाडी पडद्याजवळ वाकला. मग खाली बसला, अगदी जमिनीवर. म्हणाला, "कमानी आहेत त्या. माह्या बोटीच्या."

त्याची बायको चुलीपासून उठून आली होती. तिनं ते ऐकलं. पडद्यावर बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं.

मग ती हकिगत मला पहिल्यांदा कळली. तीच सांगत होती, तो मान खाली घालून ऐकत होता. आधी त्याच्याकडे लाकडी बोट होती, निळ्या रंगाची. उन्हापावसासाठी त्यानं तिच्यावर लोखंडी कमानी बसवून ताडपत्री घातली होती. अशी बोट दुसरी नव्हती. ती तो आणि साळा, म्हणजे तिचा हाच भाऊ, मिळून चालवत. रात्री काठावरच्या लाकडी खुंट्याला साखळीनं बांधायची आणि कुलूप लावायचं. कुलपाच्या दोन चाव्या होत्या, एक याच्याकडे, एक साळ्याकडे. बाजाराच्या दिवशी बोट कोणी चालवायची यावरून दोघांची कटकट चालूच असायची. एका पावसाळ्यात रात्रभर वादळ झालं, धरण भरत आलं, आणि सकाळी बोट नव्हती. पाणी खुंट्याच्या पुष्कळ वर चढलं होतं. खुंटा आहे की नाही हे दिसायचा प्रश्नच नव्हता. त्याच हप्त्यात कोणीतरी सांगितलं की दुसऱ्या एका तलावावर निळी बोट पाहिली. नावाड्यानं पलीकडे जाऊन, भर पंचायतीसमोर, साळ्याला चोर म्हटलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा खुंटाही जागेवर नव्हता. पण तोपर्यंत बोलायचं ते बोलून झालं होतं, आणि खुंटा कोणी जळणाला नेला असेल असं समजून सोडून दिलं.

"मी तवाच म्हणत होती," ती शेवटी म्हणाली, "का माहा भाऊ असा नाई."

तो म्हणाला, "कुलूप खोललं असन तं?"

म्हणजे बोट सापडूनही त्याच्या मनातली गाठ सुटली नव्हती. साळ्यानं रागानं बोट सोडून दिली असेल आणि ती जाऊन बुडाली असेल, असंही होऊ शकत होतं. इंजिनिअर मुलीला बहुधा या सगळ्यात पडायचं नव्हतं. पण तीही त्या रेघेकडे आणि ठोकळ्याकडे बघत होती. ती म्हणाली, तसाही उद्या मी त्या जागी कॅमेरा सोडणार आहे. दिसेल ते दाखवीन.

त्या रात्री घरी मला दुसरं काही सुचेना. आमच्या ह्यांना सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, उद्या रजा घे. रजा कशी घेणार? शाळेत जाऊन आले, पण सगळं लक्ष घड्याळाकडे.

परत आले तेव्हा तिघंही माझ्यासाठी थांबलेले होते. अजून बघितलं नव्हतं, नावाड्याच्या बायकोनं बघू दिलं नव्हतं. मॅडमले येऊ द्या, असं म्हणाली होती. मुलीनं चित्रफीत लावली. आधी नुसतं हिरवं-पिवळं धुकं, त्यात तरंगणारे कण. मग एकदम लोखंडाची कमान आली, शेवाळानं भरलेली, आणि तिच्यातून छोटे मासे ये-जा करत होते. एका फळीवर निळ्या रंगाचा तुकडा शिल्लक होता. कॅमेरा सरकत सरकत साखळीवर आला. साखळी तळावर सरळ पसरलेली होती, आणि शेवटी खुंटा आडवा पडला होता, मुळासकट उपटलेल्या झाडासारखा. साखळीचा फास त्याच्याभोवती तसाच होता. आणि फासाला कुलूप होतं, लागलेलं.

नावाड्यानं ते परत लावायला सांगितलं. परत बघितलं. मग म्हणाला, "मोजणी होऊ दे. बोटी चालू झाल्या का जातो मी त्याच्याकडे."

बायकोनं पदर खोचला. "तुम्ही बोटीनं या," ती म्हणाली, "मी थांबून नाई राहत." आणि माझ्याकडे वळून विचारलं, "मॅडम, उद्या तुमच्या गाडीवर मले नेता का?"

सकाळी ती तयार होती. ठेवणीतलं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत पेरू. स्कूटरवर ती याआधी कधी बसली नव्हती. दोन्ही हातांनी मला घट्ट धरून बसली. धरणाच्या भिंतीवर आलो तेव्हा तिनं गाडी थांबवायला सांगितली. पाण्याच्या मधोमध मोजणीची बोट सरळ रेघेत चालली होती, शेतात तिफण चालते तशी. त्यातली कोणती जागा, तिनं विचारलं. मी अंदाजानं दाखवली. थोडा वेळ तिकडे बघून म्हणाली, चला.

भाऊ अंगणात कापसाचं गाठोडं बांधत होता. बहिणीला बघून हातातला दोर तसाच राहिला. भावजय धावत पाणी घेऊन आली. रडणं झालं, ते मी लिहीत नाही. मग तिनं एका दमात सांगून टाकलं की बोट सापडली, पाण्यातच आहे, कुलूप लागलेलं आहे.

त्यानं सगळं ऐकलं. माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही पाह्यलं मॅडम? डोळ्यानं?"

मी म्हटलं, पाहिलं.

मला वाटलं, आता हा मेहुण्याच्या नावानं बोलेल, इतक्या वर्षांचं साचलेलं बाहेर काढेल. त्यानं दोर हातातून खाली ठेवला आणि विचारलं, "खुंट्यासकट गेली? अन् पालथी हाय का सुलटी?"

सुलटी, मी म्हटलं. यावर तो नुसता मान हलवत राहिला. त्याला ते पटत नव्हतं. वादळात बोट पालथीच व्हायला पाहिजे होती, असं त्याचं म्हणणं. मी शाळेत निघून गेले. दुपारच्या सुटीत नात सांगत आली की आजोबा मोटरसायकल काढून गेले, आत्याआजीला घेऊन.

पुढचं मला नावाड्याच्या बायकोनं सांगितलं. भाऊ घाटावर उतरला तो सरळ लॅपटॉपवाल्या मुलीकडे गेला, मेहुण्याकडे बघितलंसुद्धा नाही. चित्र बघितलं, फीत बघितली. मग दोघांत वाद लागला की बोटीचं नाक कोणत्या बाजूला आहे. नावाडी म्हणे उगवतीकडे, साळा म्हणे मावळतीकडे, कारण साखळी मागच्या कडीला असायची. ती मुलगी हसत होती. वाद बराच वेळ चालला आणि मध्येच, त्याच सुरात, नावाडी म्हणाला, "म्या तुले चोर म्हटलं. पंचायतीत म्हटलं. आता त्याच लोकायसमोर सांगतो का चुकलं माहं."

 साळा बहिणीकडे बघून म्हणाला, "वाढ वं जेवाले, भूक लागली."

बोटी सुरू झाल्या त्या पहिल्याच सकाळी नावाडी पलीकडे गेला. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर उभं राहून त्यानं सांगितलं. ऐकायला फार माणसं नव्हती, जुने पंच तर दोनच उरले होते. साळा तिथं आला नाही, घरीच थांबला. दोघांचं पूर्वीसारखं झालं असं मी म्हणणार नाही. साळा आजही त्याला, आधी मारायचा तशी, नावानं हाक मारत नाही. पण बाजाराच्या दिवशी दुपारची बोट तोच चालवतो, आणि बहीण मन झालं की त्याच्यासोबत जाऊन येते.

मोजणीवाले जाताना ती बुडालेली बोट जिथं आहे तिथंच असू द्या म्हणाले, खोल आहे, कोणाच्या वाटेत येत नाही. पण उन्हाळ्यात पाणी उतरायला लागलं तसे नावाडी आणि साळा रोज संध्याकाळी डोंगा घेऊन त्या जागेवर जाऊ लागले. एक वल्हवायचा, एक लांब बांबू खाली सोडून चाचपायचा. पाणी तेवढं उतरलंच नाही. एकदा बांबूला लोखंड लागल्यासारखं झालं, असं साळा सांगतो. नावाडी म्हणतो, दगड होता.