भूक नसतानाचं जेवण

आमच्या पलटणीला उत्तर सिक्कीमची पोस्टिंग आली तेव्हा मी नाईक होतो. सेक्शन कमांडर हवालदार यशवंत गावस, आणि त्यांच्या हाताखाली मी सेकंड-इन-कमांड. गावस डिचोली तालुक्यातल्या मये गावचे, मी पेडण्याचा. पलटणीत गोव्याचे आम्ही मोजकेच होतो. सेक्शनमध्ये सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. मीही तेच म्हणायचो.

पोस्ट झाडं संपतात त्याच्या बरीच वर होती. दोन बंकर, एक कुकहाऊस, थोडी सपाट जागा आणि खाली जाणारी एकच पायवाट. हिवाळ्यात ती पायवाट बंद व्हायची. मग खालच्या कंपनी हेडक्वार्टरशी संबंध फक्त रेडिओवर. हेलिकॉप्टर यायचं, पण ढगांनी येऊ दिलं तर.

गावातले लोक विचारतात, तिथे सर्वांत कठीण काय होतं? थंडी, असं त्यांना ऐकायचं असतं. थंडी होतीच. पण जास्त कठीण होतं जेवणं. त्या उंचीवर भूक मरते. ताट समोर आलं की मळमळतं. रात्री झोप धड लागत नाही, सकाळी डोकं ठणकतं, स्लीपिंग बॅगमधून हात बाहेर काढायचाही कंटाळा येतो. न खाल्लेला माणूस हलत नाही आणि न हललेल्याला भूक लागत नाही. असा माणूस बघता बघता आजारी पडतो, आणि तिथे एकजण आजारी पडला की सगळी पोस्ट अडचणीत येते.

उस्तादांचा रोजचा कार्यक्रम ठरलेला होता. उजाडलं की ते दोन्ही बंकरांत जाऊन प्रत्येकाच्या पायाला हात लावून उठवत. मग गरम पाणी, मग पीटी. मैदानातली पीटी तिथे चालत नाही, धावलं तर छाती फुटते. हात-पाय मोकळे करणं, सावकाश बैठका, आणि फावडी घेऊन सपाट जागेवरचा बर्फ काढणं, इतकंच. त्यानंतर नाश्ता. ते स्वतः शेवटी जेवत आणि तोवर प्रत्येकाच्या ताटाकडे बघत उभे राहत. डाळ उरलेली दिसली की बोलायचे नाहीत. तिथेच उभे राहायचे. माणूस लाजून संपवायचा.

त्याच हिवाळ्यात शिपाई मारुती पाटीलचे वडील वारले. मारुती गडहिंग्लजकडचा. गडी उंचापुरा, गावच्या तालमीत तयार झालेला. बातमी रेडिओवर आली. बाहेर सतत बर्फ पडत होता. पायवाट बंद, हेलिकॉप्टर बंद. त्याला घरी जाता आलं नाही. वडिलांच्या दिवसकार्याला त्याच्या धाकट्या चुलत्याने सगळं केलं, हेही त्याला रेडिओवरच कळलं.

मारुती रडला नाही. ड्यूटी चोख करायचा. पण खाणं सोडलं. ताट घ्यायचा आणि कोणी बघत नाही असं बघून परत ठेवायचा. ड्यूटी संपली की भिंतीकडे तोंड करून पडायचा. त्याचे गाल बसले. पीटीला तो यायचा बंद झाला तेव्हा मी उस्तादांना म्हटलं, "ऑर्डर देऊ का? उचलून बाहेर काढतो."

"नको," ते म्हणाले. "बापूस गेलोहा त्याचो. ऑर्डर कसली देतंस?"

त्यांच्या सामानात घरून आणलेलं नाचणीचं पीठ होतं. आमच्याकडे त्याचं तिजण करतात, गूळ घालून शिजवलेली पातळ पेज. उस्तादांनी स्टोव्हवर ती स्वतः शिजवली, मग घेऊन मारुतीच्या शेजारी जाऊन बसले.

"पाटील, ऊठ. हे पी."

"भूक न्हाई, उस्ताद."

"भुकेक विचारून कोण जेवता रे? भूक म्हणजे काय कंपनी कमांडर?"

मारुती उठून बसला. वाडग्यात बघत म्हणाला, "हे आंबील हाय का?"

"तिजण. आमचां आंबील. गोड."

"आमची आई ताक घालून करती." एवढं बोलून तो थांबला. मग म्हणाला, "दादांना लई आवडायचं." दादा म्हणजे त्याचे वडील. बातमी आल्यापासून वडिलांबद्दल तो पहिल्यांदाच बोलला होता. मारुतीने अर्धं वाडगं प्यायलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, तो पीत होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सकाळी उस्तादांनी त्याला सांगितलं, "पीटी करू नको. फक्त बाहेर येऊन माझ्याबरोबर कुकहाऊसपर्यंत चल." कुकहाऊस अगदी समोर होतं. मारुती आला. काही दिवसांनी तो न सांगता येऊ लागला. मग एकदा त्याने माझ्या हातातलं फावडं घेतलं आणि म्हणाला, "द्या हिकडं, तुमच्यानं व्हईना." तेव्हा मला कळलं, गडी परत आला.

पायवाट उघडली तेव्हा पहिली सुट्टी उस्तादांची होती. त्यांनी ती मारुतीला दिली. मारुती आईला भेटून परतल्यावर उस्ताद घरी गेले.

सुट्टीहून परतताना ते खाली नियमाप्रमाणे थांबले, उंचीची सवय करून घेतली, मेडिकल झालं, आणि वर आले. येताना आमसुलं आणली, नाचणीचं पीठ आणलं. पहिले दोन दिवस ठीक होते. मग कोरडा खोकला सुरू झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला उठवलं नाही. मी जागा झालो तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते. ओठ निळसर. श्वास घेताना छातीत पाण्याचा आवाज येत होता.

आमच्या नर्सिंग असिस्टंटने छाती तपासली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "हापो आहे." हापो म्हणजे उंचीवर फुप्फुसांत पाणी भरण्याचा आजार. सुट्टीहून परत वर येणाऱ्याला तो गाठतो. तब्येत कितीही चांगली असो, तो भेद करत नाही. औषध दिलं, ऑक्सिजन लावला. पण खरा इलाज एकच, माणसाला खाली नेणं.

मी रेडिओ घेतला.

"एक कॅज्युअल्टी. हापो. हेलिकॉप्टर पाहिजे. ओव्हर."

"हवामान बंद. हेलिकॉप्टर येणार नाही. खाली आणू शकता का? ओव्हर."

"आणतो. ओव्हर."

"डॉक्टर खालून निघताहेत. वाटेत भेटा. आउट."

पोस्टवर लागतील तेवढे जवान ठेवले. बाकीच्यांनी स्ट्रेचर घेतलं. दोघे पुढे दोर आणि फावडं घेऊन, चौघे खांद्याला, बाकीचे बदलीला. धुकं इतकं होतं की पुढच्याची पाठ तेवढी दिसायची. वाट अरुंद, वरचा बर्फ भुसभुशीत, खाली गोठलेला. स्ट्रेचरचं डोकं उंच ठेवायचं होतं, म्हणून उतारावर पुढच्यांवर सगळा भार. पुढे उजव्या बाजूला मारुती होता. बदलीची वेळ झाली की तो नुसती मान हलवायचा आणि चालत राहायचा.

वाटेत एका दगडाच्या आडोशाला थांबलो. सिलिंडर बदलला. उस्ताद शुद्धीवर होते. मास्क बाजूला करून त्यांनी विचारलं, "पाटील, काय खाल्लंस सकाळी?"

मारुती खोटं बोलला नाही. "काय न्हाई, उस्ताद."

"बिस्किट काढ."

मारुतीने खिशातून बिस्किटं काढली आणि त्यांच्यासमोर उभं राहून खाल्ली. तोंड कोरडं पडलं होतं, गिळत नव्हतं. तरी सगळी खाल्ली. उस्तादांनी मास्क परत लावू दिला.

त्यानंतर ते बोलले नाहीत. ओढा ओलांडल्यावर त्यांची शुद्ध गेली. डॉक्टर आणि त्यांची माणसं पुढच्या वळणावर भेटली. डॉक्टरांनी तिथेच, बर्फात गुडघे टेकून, बराच वेळ प्रयत्न केले. मग उठून उभे राहिले आणि मला म्हणाले, "सॉरी, नाईक." स्ट्रेचर आम्हीच खाली नेलं. खालच्या माणसांनी हात पुढे केले, मारुतीने स्ट्रेचर सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत वर चढलो. पोस्ट रिकामी ठेवता येत नाही. मारुतीने ताट घेतलं आणि तसंच धरून बसला. "उस्तादांनी येवढं केलं. येवढी पीटी, येवढं जपून खाणं. गेलंच की शेवटी. मग कशापायी करायचं?"

मी म्हटलं, "रात्रीची ड्यूटी तुझी आहे. खा." त्याने खाल्लं. मीही खाल्लं. चव लागली नाही.

त्या प्रश्नावर मी पुढे पुष्कळ विचार केला. व्यायामाने आणि चांगल्या खाण्याने मरण टळतं, असं मी कोणालाही सांगत नाही. मी फक्त बघितलेलं सांगतो. त्या वाटेवरून आम्ही आपला माणूस खांद्यावर नेला आणि आमच्यातलं कोणी वाटेत बसलं नाही. हिवाळ्यातला मारुती ते करू शकला नसता.

आता मी सुभेदार होऊन निवृत्त झालोय. पेडण्यात सकाळी चालायला जातो. शेजारचे शेटगावकर शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. त्यांना रक्तात साखर निघाली. आठवडाभर माझ्याबरोबर नेमाने चालायला आले, मग बंद. मी दारात जाऊन हाक मारली. ते बनियनवर बाहेर आले. "सुभेदार, आज मन नाही."

"मनाला घरी ठेवा, मास्तर. तुम्ही तेवढे चला. नाक्यापर्यंत."

नाक्यापर्यंत आले. परत येताना पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल भेटली. मास्तरांनी मैद्याचे पाव सोडून पोई, म्हणजे कोंड्याचा पाव, घेतली, आणि माझ्याकडे असं बघितलं की मला हसू आलं. "तुम्हाला रोज हा उत्साह येतो कुठून?" त्यांनी विचारलं. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

वर्षातून एकदा मी मयेला उस्तादांच्या घरी जातो. मोटरसायकलने म्हापशापर्यंत, तिथून डिचोलीची बस. उस्तादांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आणि मुलगी तिथे असते. मारुती कोल्हापूरकडून जमेल तेव्हा येतो. आता तोही हवालदार झालाय. यंदा मुलगी कॉलेजला गेली होती. वहिनींसमोर मी बोलत बसलो. उस्ताद सगळ्यांच्या आधी कसे उठायचे, पायाला हात लावून आम्हाला कसे उठवायचे, एकही सकाळ कशी चुकवली नाही.

वहिनी ऐकत होत्या. मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"भाऊ, तुम्ही सांगतास तो मनीस मी कधी बघूक नाय. सुट्टीर इले की ऊन अंगणात येयपर्यंत निजून. जेवणाची आठवण करूची लागे. व्यायाम तर नावच नको. लहानपणापासून आळशी, सासूबाय सांगायच्या."

"आमचे उस्ताद?" मी विचारलं.

"उठवूक गेलां की म्हणायचे, गे, वर रोज सकाळी मीच सगळ्यांक उठवतंय. माका पण उठाक नको असता. हंय घरात तरी निजाक दी." हसू ओसरलं. बाहेर अंगणाकडे बघत त्या म्हणाल्या, "निमाण्या, शेवटच्या सुट्टीत मी त्यांका एकदाय उठवूक नाय. निजान दिलां."

"बरं केलंत, वहिनी," मी म्हणालो.

भिंतीवर उस्तादांचा युनिफॉर्ममधला फोटो होता. इतकी वर्षं मी त्या फोटोला सॅल्यूट करत आलो. त्या दिवशी निघताना केला, तो आम्हाला रोज उठवणाऱ्या एका झोपाळू माणसाला.